खोली शिल्लक नाही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इंग्लंडच्या नैऋत्येला समुद्रात लांब शिरलेला कॉर्नवॉल नावाचा प्रदेश आहे. थोडाफार आपल्या कोकणासारखा. कडे, खाड्या, मासेमारी आणि सुट्टीच्या दिवसांत पाहुण्यांची गर्दी. तिथल्या मराझियन या लहानशा गावात एक श्रद्धाळू ख्रिस्ती जोडपे छोटे हॉटेल चालवत असे. स्वतःही तिथेच राहत असे. सप्टेंबर २००८ मध्ये ब्रिस्टलहून दोन पुरुष तिथे आले. फोन करून त्यांनी दोन रात्रींसाठी दुहेरी पलंगाची खोली राखून ठेवली होती. ते मित्र नव्हते, भाऊ नव्हते. एकमेकांचे जोडीदार होते. ब्रिटनमध्ये तेव्हा समलिंगी जोडप्यांना लग्न करता येत नव्हते. पण लग्नाचे बहुतेक सगळे हक्क देणारी 'सिव्हिल पार्टनरशिप' नावाची नोंदणी २००५च्या डिसेंबरपासून सुरू झाली होती, आणि या दोघांनी ती केलेली होती.

हॉटेलात त्यांना सांगण्यात आले की दुहेरी पलंगाची खोली आम्ही फक्त विवाहित स्त्री-पुरुषांना देतो. पैसे परत मिळाले. दोघांनी दुसरीकडे सोय पाहिली.

घटना एवढीच. मारामारी नाही, शिवीगाळ नाही. पण हे प्रकरण पाच वर्षे चालले आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात संपले. चार खोल्यांचा धंदा करणाऱ्या माणसाला, कोणाला ठेवायचे आणि कोणाला नाही, हे आपल्या धर्मबुद्धीने ठरवता येते का? प्रश्न तिकडचा आहे, पण आपल्या एसटी स्टँडसमोरच्या लॉजलाही तो लागू पडतो. म्हणून आज त्याबद्दल बोलणार आहे.

मालकांची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. ते म्हणत होते, आमचा राग समलिंगींवर नाही. लग्नाबाहेरचा शरीरसंबंध आम्ही पाप मानतो. आम्ही अविवाहित स्त्री-पुरुषांनाही अशी खोली देत नाही. वेगवेगळ्या पलंगांची खोली मात्र कोणालाही देतो. घर आमचे आहे, त्या पापाला आम्ही आमच्या छपराखाली जागा का द्यावी?

न्यायालयाचे उत्तर असे होते. अविवाहित स्त्री-पुरुषांना निदान लग्न करून यायचा मार्ग मोकळा आहे. या दोघांना तो कायद्यानेच बंद होता. जी अट काही माणसे जन्मात कधी पुरी करू शकत नाहीत, ती अट म्हणजे त्या माणसांनाच घातलेली बंदी. लेडी हेल यांच्यासह तीन न्यायाधीशांनी हा सरळसरळ भेदभाव ठरवला. उरलेल्या दोघांनी त्याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटले, पण तो समर्थनीय नाही यावर पाचही जणांचे एकमत होते. खालच्या न्यायालयाने २०११ मध्येच प्रत्येकी १८०० पौंडांची भरपाई ठरवली होती, ती कायम राहिली. लेडी हेल यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली, ती मला फार महत्त्वाची वाटते. उद्या या दोन पुरुषांनी हॉटेल काढले आणि त्या ख्रिस्ती जोडप्याला ते ख्रिस्ती आहेत म्हणून खोली नाकारली, तर हाच कायदा त्या जोडप्याच्या बाजूने उभा राहील, असे त्यांच्या म्हणण्याचे तात्पर्य होते.

आता कोणी म्हणेल, हॉटेलचे ठीक आहे, पण राहत्या घरातल्या दोन-तीन खोल्या भाड्याने देणाऱ्याचे काय? आपल्याकडे पर्यटन महामंडळाची 'निवास व न्याहारी' योजना आहे, तसा प्रकार तिकडे गावोगाव चालतो. तिथल्या हुजूर पक्षाचे नेते ख्रिस ग्रेलिंग यांनी २०१० साली नेमके हेच म्हटले होते. रस्त्यावरच्या हॉटेलवाल्याने नाकारू नये, पण आपल्या घरात पाहुणे ठेवणाऱ्याला तो हक्क असावा, असे त्यांचे मत होते. ते तेव्हा विरोधी पक्षात होते आणि भावी गृहमंत्री म्हणून त्यांच्याकडे पाहिले जात होते. बराच गदारोळ झाला, त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. पुढे त्यांचा पक्ष सत्तेवर आला, पण गृहखाते त्यांना मिळाले नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये बर्कशरमधल्या कुकम गावी अशाच एका घरगुती निवासात दोन पुरुषांना परत पाठवले गेले होते. तिथेही २०१३ मध्ये अपील न्यायालयाने मालकिणीच्या विरुद्ध निकाल दिला. कायद्यातच हॉटेल, बोर्डिंग हाउस आणि तशा प्रकारच्या जागा असे शब्द होते; घर लहान असल्याने सुटका झाली नाही.

लहान घराला सूट देण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेने १९६४ साली वर्णभेदाविरुद्ध मोठा नागरी हक्क कायदा केला. त्यात पाच किंवा त्याहून कमी खोल्या भाड्याने देणाऱ्या आणि तिथेच राहणाऱ्या मालकाला वगळले. 'मिसेस मर्फी' या काल्पनिक विधवेच्या नावाने ती सूट ओळखली जाते. गरीब बिचारी, चार भाडेकरू ठेवून पोट भरते, तिला कशाला कोर्टात ओढायचे? ब्रिटननेही १९६५ चा आपला पहिला वंशभेदविरोधी कायदा करताना खासगी बोर्डिंग हाउसेस बाहेर ठेवली होती. आणि वेस्ट इंडीजहून, आपल्या पंजाब-गुजरातेतून गेलेल्या कामगाराला त्या काळात राहायला जागा कुठे मिळायची? मोठ्या हॉटेलांत नव्हे, अशाच लहान घरांत. म्हणजे ज्या दारावर त्याला रोज टक्कर घ्यावी लागत होती, नेमके तेच दार कायद्याने मालकाच्या मर्जीवर सोडले होते. मिसेस मर्फीबद्दल मलाही सहानुभूती आहे. पण रात्री दहा वाजता बॅग घेऊन फुटपाथवर उभ्या असलेल्या माणसाला घर तीन खोल्यांचे आहे की तीनशे, याने काय फरक पडतो?

क्रिकेटप्रेमी श्रोत्यांना लिअरी कॉन्स्टन्टाइन हे नाव ठाऊक असेल. वेस्ट इंडीजचा हा विलक्षण अष्टपैलू खेळाडू १९४३ साली लॉर्ड्सवरच्या सामन्यासाठी पत्नी आणि मुलीसह लंडनच्या इम्पीरियल हॉटेलात उतरला. चार रात्रींचे आरक्षण होते. एकच रात्र राहा, नंतर जा, असे त्याला सांगण्यात आले, कारण गोऱ्या अमेरिकन पाहुण्यांना ते आवडणार नाही. तेव्हा वर्णभेदाविरुद्ध कायदा नव्हता. पण खोली मोकळी असेल आणि प्रवासी पैसे देत असेल तर सराईवाल्याने विनाकारण नकार देऊ नये, हा इंग्लंडचा फार जुना रिवाज होता. त्याच आधारावर कॉन्स्टन्टाइनने १९४४ मध्ये खटला जिंकला. भरपाई मिळाली पाच गिनी.

'आमचे काही नाही, बाकीच्या गिऱ्हाइकांना चालत नाही.' हे वाक्य मी मराठीतही ऐकले आहे. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी कविसंमेलनाला गेलो होतो. संयोजकांनी लॉजवर फोन करून ठेवला होता. मॅनेजर अगदी अदबीने 'या सर' म्हणाला, पाणी मागवले. मग मी ओळखपत्र पुढे केले. त्याने नाव वाचले, कार्ड उलटून मागची बाजू पाहिली, जणू तिथे दुसरे एखादे नाव सापडेल, आणि म्हणाला, ''सर, रूम फुल झाल्यात.'' त्याच्या मागे फळीवर आठ-नऊ किल्ल्या लटकत होत्या. मी त्या किल्ल्यांकडे पाहतोय हे त्यालाही दिसले. मग तो हळूच म्हणाला, ''माझं काही नाही हो सर, पण बाकीची फॅमिली गिऱ्हाइकं...'' त्या रात्री मी एका शिक्षक मित्राच्या घरी झोपलो. त्याच्या आईने मऊ भात केला होता. संध्याकाळच्या कविता मला फारशा आठवत नाहीत, भात आठवतो.

अनुभव लहान आहे. बाबासाहेब आंबेडकरांच्या अनुभवापुढे तर काहीच नाही. परदेशात शिकून १९१७ साली ते बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी सराईत जागा मिळाली, ती वहीत पारशी नाव लिहून. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे आली आणि त्यांनी बाबासाहेबांना संध्याकाळपर्यंत सराई सोडायला लावली. एक मित्र हिंदू, दुसरा ख्रिस्ती, दोघांकडेही आसरा मिळाला नाही. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठीबागेत बसून राहिले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात त्यांनी हे सांगितले आहे. पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने मसुदा केलेल्या राज्यघटनेत पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आला. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तिथे कोणालाही मज्जाव करता येत नाही.

त्या वहीतल्या पारशी नावाशी माझे मन थांबते. खोली होती, पण खोटे नाव घेऊन. कॉर्नवॉलच्या मालकांनीही वेगळ्या पलंगांच्या खोलीला ना नव्हती असे सांगितले, आणि अनेकांना तो समंजस मार्ग वाटला. मला तो वाटत नाही. या, राहा, फक्त तुम्ही जे आहात ते इथे असू नका, असा त्याचा अर्थ होतो. घराचे नियम असावेत. एखाद्या काकूंनी मांसमच्छी चालणार नाही म्हटले तर मी दोन दिवस आनंदाने वरणभात खाईन. दहानंतर आवाज नको, दारू नको, चपला बाहेर काढा, सगळे मान्य. ते नियम मी पाळू शकतो आणि माझ्या शेजारच्या खोलीतला माणूसही पाळू शकतो. दोन दिवसांपुरते नाव बदलणे, किंवा वीस वर्षांच्या जोडीदाराला चुलतभाऊ म्हणणे, हा नियम नव्हे.

एक फरक मात्र केला पाहिजे. एखाद्या समाजाने देणग्या जमवून आपल्या यात्रेकरूंसाठी बांधलेली धर्मशाळा किंवा आमच्याकडचा मुसाफिरखाना ही धंद्याची जागा नव्हे. ब्रिटनच्या कायद्यानेही धंदा न करणाऱ्या धार्मिक संस्थांना काही सवलत ठेवली आहे. पण दारावर दराची पाटी लावली, जाहिरात दिली, येईल त्याच्याकडून पैसे घेतले, की ते दार निव्वळ घरचे राहत नाही.

आपल्याकडची गंमत अशी की दोन पुरुषांनी लॉजवर खोली मागितली तर कोणी भुवई उंचावत नाही. संशय येतो तो एक स्त्री आणि एक पुरुष आले की. लग्नाचा दाखला विचारतात. खरे तर दोन सज्ञान अविवाहित व्यक्तींनी एका खोलीत राहण्याविरुद्ध कायदा नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. समलिंगी जोडप्याला खोली मिळते, पण न ओळखण्याच्या बोलीवर. त्यांनी खरे सांगितले आणि मालकाने नकार दिला, तर दाद कुठे मागायची? सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी ३७७ कलमाचा फास काढला, त्यांचे संबंध गुन्हा राहिले नाहीत. घटनेतल्या 'लिंग' या शब्दात लैंगिक कलही येतो, असा विचारही त्या निकालात मांडला गेला. पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने त्यांच्या विवाहाला मान्यता दिली नाही. तृतीयपंथीयांसाठी २०१९ च्या कायद्यात निवासाच्या जागेत भेदभाव करू नये असे शब्द आले. समलिंगींसाठी ब्रिटनसारखा स्पष्ट कायदा झालेला नाही. म्हणजे 'फक्त विवाहितांसाठी' ही पाटी आपल्याकडे आजही तेच काम करते, जे मराझियनच्या हॉटेलात २००८ साली करत होती.

मला विचारतात, तुमचा धर्म याला काय म्हणतो? गुनाह म्हणतो. आमच्या घरातले वडीलधारे तसेच म्हणतील, आणि मी त्यांच्याशी वाद घालत बसत नाही. पण त्याच धर्माने प्रवाशासाठी नमाज आखूड केली आहे, रोजा पुढे ढकलायची मुभा दिली आहे. मुसाफिराकडून खुद्द अल्लाह कमी मागतो. मग मॅनेजरने जास्त का मागावे?

गेल्या हिवाळ्यात एका कविमित्राबरोबर रत्नागिरीकडे गेलो होतो. समुद्राजवळच्या एका घरात उतरलो. तीन खोल्या, अंगण, बाहेर 'घरगुती जेवण व राहण्याची सोय, फक्त फॅमिलीसाठी' अशी पाटी. मालकीणबाई विधवा, मुलगा पुण्याला. जेवताना हा विषय निघाला तेव्हा त्या जरा घाबरल्याच. ''मग मी कोणालाच नाही म्हणायचं नाही का?'' मी म्हटले, ''काकू, पिऊन आलेल्याला म्हणा, ओळखपत्र न देणाऱ्याला म्हणा, पैसे बुडवणाऱ्याला म्हणा, तुमच्याशी वाकडे बोलणाऱ्याला तर हाकलून द्या.'' त्यांनी सोलकढी वाढली. थोड्या वेळाने म्हणाल्या, ''आम्ही दार लावलेलं बघतो, आत कोण काय करतं ते थोडंच बघतो.'' सकाळी त्यांनी नोंदवही पुढे केली. नाव, पत्ता, येण्याचे कारण, सोबतच्या व्यक्तीशी नाते. मित्राच्या नावापुढे मी 'स्नेही' असे लिहिले. त्यांनी चष्मा लावून ते वाचले आणि नाश्त्याला घावन करू की पोहे, असे विचारले.