तुरुंगाला दवाखाना म्हणायचं?

अमेरिकेत लॉस एंजेलिस काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, मनोरुग्ण कैद्यांच्या ‘उपचारां’साठी नवा तुरुंग बांधायचं ठरवलं होतं. बायकांचा तुरुंग तर शहरापासून शंभरेक किलोमीटरवर, लँकेस्टरच्या वाळवंटी भागात नेणार होते. मुलांनी आईला भेटायला जायचं कसं? संघटना लढल्या. २०१९ च्या फेब्रुवारीत बायकांच्या तुरुंगाची आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्याचीही योजना रद्द झाली.

आपल्याकडेही गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात डांबत. शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली ते बेकायदा ठरवलं.

मला एवढंच म्हणायचंय : कुलपाआड मन बरं होत नाही. नव्या इमारतीचा नकाशा आला, की आपण विचारायचं, हाच पैसा वस्तीतल्या दवाखान्याला, बायकांच्या निवाऱ्याला का नाही?