एका लहान राष्ट्राचें ऋणमुक्तीचें वर्ष



राष्ट्रांच्या इतिहासांत एखादें वर्ष असें येतें कीं, मागील दहाबारा वर्षांच्या कष्टांचा हिशेब त्या एकाच वर्षांत पुरा होतो. युरोपच्या उत्तर टोंकास वसलेल्या फिनलंड देशाच्या वाट्यास असें वर्ष आलें, तें १९५२ सालीं. त्या वेळीं या देशाची लोकसंख्या चाळीस लक्षांच्या आसपास होती.

त्या वर्षाचें महत्त्व ध्यानांत येण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. १९३९ च्या नोव्हेंबरांत सोव्हिएट रशियानें फिनलंडवर स्वारी केली. पुढें १९४१ मध्यें गेलेला मुलूख परत मिळविण्याच्या आशेनें फिनलंड जर्मनीच्या बाजूनें पुन्हा युद्धांत उतरला, आणि १९४४ च्या सप्टेंबरांत त्याला पराभूत पक्ष म्हणून तह पत्करावा लागला. तहाच्या अटी कडक होत्या. कारेलिया प्रांताचा मोठा भाग व व्हीपुरी हें शहर कायमचें गेलें. चार लक्षांहून अधिक माणसें घरदार सोडून उरलेल्या देशांत आलीं. राजधानी हेलसिंकीच्या जवळचें पोर्ककला हें ठिकाण रशियाच्या नाविक तळासाठीं द्यावें लागलें. शिवाय तीस कोटि डॉलर किंमतीची युद्धखंडणी सहा वर्षांत फेडावयाची होती. ती रोख पैशांत नव्हे, तर मालाच्या रूपानें.

येथेंच खरी अडचण होती. फिनलंडचें धन म्हणजे अरण्यें. लांकूड व कागद देणें त्याला सोपें. परंतु मागणी मुख्यतः जहाजें, आगगाडीचीं इंजिनें, यंत्रें आणि विजेच्या तारा यांची होती. त्यासाठीं कारखाने उभारावे लागले व कारागीर तयार करावे लागले. माल वेळेवर न पोंचल्यास दरमहा शेंकडा पांच दंड ठरलेला होता. पुढें मुदत आठ वर्षांची झाली, १९४८ मध्यें उरलेल्या रकमेंत सूटही मिळाली. तरी ओझें हलकें म्हणण्यासारखें नव्हतें. अखेर १९५२ च्या सप्टेंबरांत मालाची शेवटची गाडी वैनिक्कला येथून सरहद्दीपलीकडे गेली, आणि फिनलंड ऋणमुक्त झाला. अध्यक्ष पासिकिवी यांचें धोरण असें होतें कीं, शेजारी बदलतां येत नाहीं; म्हणून त्याच्याशीं दिलेला शब्द काटेकोरपणें पाळावा आणि घरांतील कारभार मात्र आपल्या हातीं ठेवावा. निवडणुका, वृत्तपत्रें, न्यायालयें हीं सर्व त्या काळांत चालू राहिलीं.

ही गाडी जाण्यापूर्वीं दोनच महिने त्या देशानें साऱ्या जगाचें आतिथ्य केलें होतें. १९४० चे ऑलिंपिक सामने टोकियोनें नाकारल्यावर हेलसिंकीस मिळाले होते. त्यासाठीं बांधलेलें क्रीडांगण १९३८ मध्येंच खुलें झालें होतें. पण महायुद्धानें तो सोहळा हिरावून घेतला. बारा वर्षांनंतर, १९ जुलै १९५२ रोजीं, भर पावसांत तो पुन्हा उभा राहिला. क्रीडाज्योत घेऊन पंचावन्न वर्षांचा पावो नुर्मी मैदानांत धांवत आला, तेव्हां प्रेक्षकांच्या जयघोषास सीमा राहिली नाहीं. त्या सामन्यांत सोव्हिएट रशियानें प्रथमच भाग घेतला. म्हणजे ज्याचें देणें अद्याप चालू होतें, तोच धनको पाहुणा म्हणून आला होता, आणि यजमानानें त्याच्या आदरांत उणें पडूं दिलें नाहीं.

धांवण्यांत नांवाजलेल्या या देशास त्या वेळीं मैदानी शर्यतींत एकही सुवर्णपदक मिळालें नाहीं. तो मान चेकोस्लोव्हाकियाच्या झाटोपेकनें तीन शर्यती जिंकून नेला. फिनलंडचीं सहा सुवर्णपदकें आलीं तीं नौका वल्हविणें, कुस्ती व मुष्टियुद्ध यांतून. त्यांपैकीं एक सिल्वी साइमो या स्त्रीनें मिळविलें. तिचा जन्म गमावलेल्या कारेलियांतला. पुढें ती पार्लमेंटची सभासद झाली. आपल्याकडील श्रोत्यांस हेलसिंकी आठवेल तें दुसऱ्या कारणानें. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचे खाशाबा जाधव यांनीं तेथेंच कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

कलेच्या क्षेत्रांतही तें वर्ष रितें गेलें नाहीं. जूनमध्यें आर्मी कूसेला ही सतरा वर्षांची मुलगी अमेरिकेंत पहिली विश्वसुंदरी ठरली. एरिक ब्लोमबर्ग यांनीं लॅपलंडच्या बर्फाळ प्रदेशांतील लोककथेच्या धर्तीवर काढलेला ‘पांढरें रेनडियर’ हा चित्रपट त्याच वर्षीं पडद्यावर आला, आणि पुढील वर्षीं कॅन येथील महोत्सवांत त्यास पारितोषिक मिळालें.

या यशानें सर्व जखमा भरून आल्या, असें मात्र समजूं नये. पोर्ककला परत मिळण्यास १९५६ साल उजाडावें लागलें. कारेलिया कधींच परत मिळाला नाहीं. शेजाऱ्याची मर्जी सांभाळतांना पुढील अनेक वर्षें फिनिश लोकांस पुष्कळदां तोंड मिटून बसावें लागलें, आणि त्याविषयीं त्यांच्यांतच तीव्र मतभेद राहिले. १९४८ च्या मैत्रीकराराचें युग १९९२ मध्यें संपलें. २०२३ मध्यें त्या देशानें नाटो संघटनेंत प्रवेश करून वेगळी वाट धरली.

तरीही खंडणीसाठीं उभारलेले कारखाने आणि शिकलेले कारागीर ही मत्ता मागें राहिली. जहाजें व यंत्रें बांधणारा देश म्हणून फिनलंडची पुढें जी कीर्ति झाली, तिचा पाया त्या आठ वर्षांत घातला गेला. पराभवानंतर लहान राष्ट्रापुढें दोन मोह असतात: एक सूडाचा आणि दुसरा हातपाय गाळून बसण्याचा. फिनलंडनें दोन्ही टाळले. देणें चुकविलें नाहीं, आणि स्वतःची भाषा, कला, खेळ व लोकसभा यांपैकीं कांहींही त्या देण्यांत जाऊं दिलें नाहीं. संकटांतून बाहेर पडूं पाहणाऱ्या कोणत्याही समाजानें या वर्षाचा अभ्यास करावा, तो एवढ्यासाठींच.