आटते ते पाणी, मीठ नव्हे

समुद्रापासून दूर, पठारावर वसलेल्या सोलापुरात, शुक्रवार पेठेसारख्या दाट वस्तीतील एखाद्या घराच्या बैठकीत खाऱ्या पाण्याची छोटी टाकी मांडून तीत प्रवाळभित्तीवरील जीव सांभाळणे आता अशक्य राहिलेले नाही. परंतु येथील उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा त्या टाकीचे बरेवाईट माशांपेक्षा किंवा दिव्यांपेक्षा बाष्पीभवनावर ठरते, आणि हौशी मंडळी नेमका त्याकडेच काणाडोळा करतात.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे ६० लिटरच्या टाकीत ते २,१०० ग्रॅम भरतात. वाफ पाण्याची होते, क्षार मागेच राहतात. त्यामुळे सहा लिटर पाणी उडाले की उरलेल्या पाण्यात क्षारांचे प्रमाण लिटरमागे ३९ ग्रॅमच्या घरात जाते. ही तूट खाऱ्या पाण्यानेच भरून काढण्याचा प्रमाद दोनदा घडला, तर टाकी भरलेली दिसूनही प्रमाण ४२ वर पोहोचलेले असते. आमटी आटून खारट झाली तर तीत कोणी आणखी मीठ टाकत नाही, साधे पाणी घालून ती सारखी करतात. टाकीचेही तसेच आहे. मात्र आमटी जेवणापुरती एकदा सारखी केली की भागते, टाकी अहोरात्र आटत असते. आमटीत तांब्याभर पाणी एकदम ओतलेले चालते, टाकीत ते रोजच्या रोज आणि थोडे थोडे घालावे लागते, कारण क्षारतेतील अचानक बदल या जीवांना सोसत नाही. पाणी थंड राखण्यासाठी पृष्ठभागावर पंखा सोडल्यास तापमान दोन-तीन अंशांनी उतरते खरे, पण तो आमटीवरचे झाकण काढण्याचाच प्रकार असून आटणे त्याने वाढते.

साधे पाणी म्हणजे नळाचे पाणी नव्हे, हेही बजावून सांगितले पाहिजे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, बोअरचे पाणी जड असते, आणि त्यांतील क्षारही टाकीत साठतच जातात, म्हणून आर.ओ. यंत्रातून व त्यापुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या रेझिनमधून काढलेले पाणीच वापरावे.

आता टाकीत मांडावयाच्या खडकाविषयी. ‘लाइव्ह रॉक’ म्हणजे सूक्ष्मजीवांनी वसलेला सच्छिद्र चुनखडकाचा तुकडा. त्याच्या पृष्ठभागावरील जीवाणू माशांच्या उत्सर्जनातून येणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात, आणि प्राणवायू न पोहोचणाऱ्या आतल्या छिद्रांतील जीवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडतात. असा खडक मालवणच्या समुद्रातून उचलून आणण्याचा विचारही कोणी करू नये; तेथील सागरी अभयारण्य १९८७ पासूनचे आहे, आणि प्रवाळांना २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्यामुळे कोरडा खडक घेऊन त्यावर बाटलीतील जीवाणू रुजवणे हाच सरळ मार्ग आहे. त्याला महिना-दीड महिना, कधी त्याहून अधिक काळ लागतो, आणि चाचणीत अमोनिया व नायट्राइट शून्य आल्याखेरीज पहिला मासा सोडणे ही शुद्ध घाई होय. मासा नसलेल्या या काळातही टाकी आटतच असते, म्हणून पाणी घालण्याची सवय याच दिवसांत लावून घ्यावी. घालावयाचे ते साधे पाणी, खारे नव्हे, हे पुन्हा सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

प्रकाशाचा, कॅल्शियमचा आणि वीज गेल्यावर पाणी खेळते कसे ठेवावे याचा विचार तितकाच अगत्याचा आहे, परंतु नेमून दिलेली वेळ संपत आली आहे. ज्यांना टाकी मांडावयाची आहे त्यांनी मृग लागेपर्यंत थांबावे, पाणी भरताच काचेवर पातळीची रेघ ओढावी, क्षारता मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर आणावा, आणि माशांच्या दुकानाची पायरी त्यानंतरच चढावी.