सड्यावरची कातळशिल्पे
(भाषणाचा संक्षेप)



लेण्यांच्या सहली आपल्याला नव्या नाहीत. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. कोण, कुठला, हे वाचता येते. आज ज्या कोरीव कामाविषयी मी बोलणार आहे, तिथे एकही अक्षर नाही.

आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे गेले की जांभ्या दगडाची उघडी, सपाट पठारे लागतात. तिथले लोक त्यांना सडा म्हणतात. या सड्यांवर, पायाखालच्या कातळातच, शेकडो चित्रे खोदलेली आहेत. राजापूर तालुक्यातील कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगातच दुसरे कितीतरी प्राणी कोरले आहेत. बारसूला दोन वाघांच्या मध्ये माणूस उभा आहे. काही ठिकाणी गेंडा आहे. आज कोकणात गेंडा नाही. कोरणाऱ्याला मात्र तो माहीत होता. शेतीची खूण या चित्रांत सापडत नाही, म्हणून हे शिकार व मासेमारीवर जगणाऱ्या माणसांचे काम असावे, असे अभ्यासक मानतात. काही गावांत ती पांडवांची म्हणून सांगतात. त्यात नवल नाही. नाशिकची बौद्ध लेणीसुद्धा पांडवांच्याच नावावर जमा झाली!

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वर्षानुवर्षे सडे पायी तुडवून ही शिल्पे उजेडात आणली. २०२२ साली गोव्यातील एका स्थळासह कोकणातील नऊ स्थळे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

पण यादीत नाव आल्याने दगड वाचत नाही. हाच जांभा कापून चिरा निघतो आणि त्याची घरे होतात. अनेक सडे खासगी मालकीचे आहेत. मालकाला चिऱ्याचे पैसे मिळतात, शिल्पाचे काय मिळते? याचे उत्तर न देता त्याला नुसता कायदा दाखवणे मला न्यायाचे वाटत नाही. बारसूच्या सड्यावर २०२३ मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा गावकरी, विशेषतः स्त्रिया, भर उन्हात आडव्या आल्या. त्यांची पहिली चिंता जमिनीची होती. उक्षी गावाने वेगळी वाट धरली: हत्तीच्या शिल्पाभोवती कठडा घालून ते जपले.

विद्यार्थ्यांनी जरूर जावे. चपला काढून ठेवा, फोटोसाठी रेषांत खडू भरू नका. आणि सकाळी किंवा संध्याकाळी जा. ऊन तिरपे असले, खाचेत सावली पडली, की हत्ती दिसतो. भर दुपारी त्याच्यावरून चालत जाल आणि कळणारही नाही.