व्यवसायाच्या रकान्यात काय लिहावे?



पावसाळी तापाच्या प्रौढ रुग्णांची पाहणी आपल्या रुग्णालयाने हाती घ्यावी, असा विचार आहे. त्यातील लेप्टोस्पायरोसिसविषयी दोन शब्द बोलतो.

उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रावाटे याचे जंतू पाण्यात व चिखलात मिसळतात आणि त्वचेवरील जखमेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तुंबलेल्या पाण्यातून वाट काढणाऱ्या मुंबईकरांत हा आजार फैलावला. कोकणातील भातखाचरांना तो मुळीच नवखा नाही.

रुग्णालयांतून झालेल्या अभ्यासांत बहुधा कमावत्या वयाचे पुरुष, शेतकरी वा मजूर, अधिक आढळतात. पण लावणीच्या दिवसांत खाचरात दिवसभर ओणव्या असतात त्या मुख्यतः स्त्रिया. मग त्या तक्त्यात कमी का? तीव्र आजार पुरुषांत अधिक दिसतो, हे एक कारण. स्त्रिया ताप अंगावर काढतात, हे दुसरे. आणि ज्या येतात, त्यांच्या केसपेपरवर व्यवसाय म्हणून आम्ही 'गृहिणी' लिहून मोकळे होतो! बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या पाहिल्या असत्या, तरी खरा व्यवसाय कळला असता.

आर्थिक स्तराचेही तसेच. कुप्पुस्वामींची १९७६ ची श्रेणी, मुळात शहरांसाठी बेतलेली, कुटुंबप्रमुखाचे शिक्षण, व्यवसाय व कुटुंबाचे उत्पन्न विचारते. चिखलात उभ्या असलेल्या सुनेला तीत जागाच नाही. बी. जी. प्रसाद यांचे १९६१ चे वर्गीकरण दरडोई मासिक उत्पन्नावर चालते. ते खेड्यात सोयीचे. परंतु घरचे भात खाणारे आणि मुलाने मुंबईहून पाठविलेल्या पैशांवर बाकी खर्च भागविणारे कुटुंब उत्पन्न काय सांगणार?

हा केवळ तक्त्यांचा प्रश्न नव्हे. आरंभीच ओळखलेला हा आजार बहुधा साध्या प्रतिजैविकांनी आटोक्यात येतो. उशीर झाला, तर मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिसची वेळ येऊ शकते. तो खर्च निर्धन रुग्ण निधीतून करणे आपले कर्तव्यच आहे. पण ती वेळ येऊ न देणे अधिक चांगले.

जंतू शिरल्यापासून ताप येईपर्यंत दोन ते तीस दिवस जाऊ शकतात. म्हणून प्रत्येक रुग्णाला विचारावे: गेल्या महिनाभरात कोणत्या पाण्यात उतरलात? तापाच्या कितव्या दिवशी आलात? कोणी आणले? मजुरी किती बुडाली? हे खाटेजवळ बसून विचारण्यासाठी चार महिने एक वैद्यकीय समाजसेविका हवी. तिच्या मानधनाची तरतूद विश्वस्त मंडळाने करावी आणि नवे केसपेपर आषाढापूर्वी छापून यावेत, एवढी विनंती.