भाजते एक, जीव दोन



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. महापेच्या आमच्या ऑफिसात आग लागली तर काय करायचे याचा दरवर्षी सराव होतो. घरी तसा कधीच झाला नाही.

काही वर्षांपूर्वीचा रमजान. कोपरखैरण्याच्या घरी आपा इफ्तारची भजी तळत होती. तिला सातवा महिना होता. आम्ही पुरुष अजानची वाट बघत बसलो होतो. कढई कलंडली, उकळते तेल तिच्या हातावर आणि पोटावर सांडले. अम्मीने टूथपेस्ट लावली. मी मोबाइलवर उपाय शोधत राहिलो. नळ दोन पावलांवर होता.

हॉस्पिटलात आधी ती पेस्ट धुऊन काढावी लागली. आपाचे ओरडणे अजून कानात आहे. सुदैवाने जखम थोडी होती, बाळाचे ठोके नीट होते. आज भाची शाळेत जाते.

डॉक्टरांनी नंतर समजावले. गरोदरपणात रक्त जवळपास दीडपट होते. मोठ्या भाजण्यात शरीरातले पाणी झपाट्याने झिरपते, रक्तदाब उतरतो. शरीर आधी आईचा मेंदू आणि हृदय सांभाळते, गर्भाशयाचा रक्तपुरवठा कमी पडतो. पुढे जंतुसंसर्ग आणि वेळेआधी प्रसूतीची भीती असते. निम्म्याहून अधिक शरीर भाजले, तर दोघांनाही वाचवणे फार कठीण. म्हणून बाळाला वाचवायचे तर आधी आईला वाचवायचे.

आपल्या हातात काय आहे? भाजलेल्या जागेवर 20 मिनिटे नळाचे वाहते पाणी. बर्फ, हळद, तूप, पेस्ट काही नाही. बांगड्या-अंगठ्या लगेच काढा. चिकटलेले कापड ओढू नका. स्वच्छ चादरीत गुंडाळून 108 ला फोन करा. किती महिने झालेत ते पहिल्या वाक्यात सांगा. जखम लहान असली तरी बाळाची तपासणी करून घ्या. ऐरोलीत नॅशनल बर्न्स सेंटर हे खास भाजलेल्या रुग्णांसाठीचे रुग्णालय आहे, हे लक्षात ठेवा.

आणखी एक. प्रत्येक भाजणे अपघात नसते. 'स्टोव्हचा भडका उडाला' असे सासरचे सांगत असतील, तर तिला एकटीला विचारा. घराची अब्रू तिच्या जिवापेक्षा मोठी नाही.

आता रमजानमध्ये आमच्याकडे भजी मी तळतो. फार चांगली होत नाहीत. कोणी तक्रार करत नाही.