गतीची हौस आणि स्थैर्याची कसोटी



वसंत ऋतूतील या ज्ञानसत्रात इतिहास, साहित्य, अर्थकारण असे भारदस्त विषय आपण ऐकत आला आहात. त्या मानाने माझा आजचा विषय थोडा आडवळणाचा आहे. घरातील टेबलावरच्या संगणकाचा प्रोसेसर आणि त्याची रॅम, कारखान्याने नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालविणे, यालाच ओव्हरक्लॉकिंग असे म्हणतात. हा तरुण पोरांचा छंद, त्यावर व्याख्यान ते काय द्यायचे, असे कोणाला वाटेल. परंतु या छंदाच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. यंत्राने दिलेले उत्तर बरोबर आहे, हे आपण कशाच्या भरवशावर मानतो, हा तो प्रश्न होय.

प्रथम वेग म्हणजे काय ते पाहू. प्रोसेसर घड्याळाच्या ठोक्यावर चालतो. एका ठोक्याला विजेचा संकेत एका टोकाहून निघतो, असंख्य ट्रान्झिस्टरांच्या दारांतून जातो, आणि पुढचा ठोका पडण्यापूर्वी त्याने मुक्कामी पोचून स्थिर व्हावे लागते. आजचे प्रोसेसर 5 गिगाहर्ट्झच्या घरात चालतात, म्हणजे सेकंदाला 500 कोटी ठोके. एका ठोक्याच्या अवधीत प्रकाशसुद्धा अवघा 6 सेंटिमीटर जातो, आणि तारेतला संकेत तर त्याहून मंद! आता ठोके आणखी जलद पाडले आणि संकेत वेळेवर पोचला नाही, तर काय होईल? 1 च्या जागी 0 नोंदला जाईल, आणि चूक झाली हे यंत्राला बहुधा कळणारही नाही. ते त्याच ऐटीत पुढची आकडेमोड करीत राहील.

मग वेग वाढविता येतो तो तरी का? याचे कारण कारखान्याच्या सावधपणात आहे. सिलिकॉनच्या एकाच चकतीतून कापलेल्या दोन चिपा सारख्या नसतात. त्यांतली दुबळी चिप, कडक उन्हाळ्यात, किंचित कमी दाबाच्या विजेवर, कित्येक वर्षे वापरून झाल्यावरही चुकू नये, असा हिशेब करून वेगाचा आकडा छापलेला असतो. साहजिकच पुष्कळ चिपांच्या अंगी थोडी शिल्लक राहते. ओव्हरक्लॉकिंग करणारा ही शिल्लक खर्चतो. ती चोरी नव्हे. पण शिल्लक किती आहे हे न मोजता खर्च करणे मात्र उधळपट्टी आहे.

या छंदाच्या इतिहासात 1998 साल विसरण्याजोगे नाही. त्या वर्षी इंटेलने सेलेरॉन 300ए हा स्वस्त प्रोसेसर विक्रीस आणला. 66 मेगाहर्ट्झचा मूळ ठोका गुणिले साडेचार, असा त्याचा 300 चा वेग. हौशी लोकांनी मूळ ठोकाच 100 केला, आणि गुणाकार 450 झाला! वेगात एकदम दीडपट वाढ. त्याच्याजवळची 128 किलोबाइटची छोटी कॅश चिपेच्याच अंगात, प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालत असे. महागड्या पेंटियम टूची कॅश मोठी, पण वेगळ्या चिपांवर आणि निम्म्या वेगाची होती. म्हणून धाकटा थोरल्याच्या पंक्तीला जाऊन बसला. पुढे 2011 पासून इंटेलने मूळ ठोका इतर भागांशी असा बांधून टाकला की तो फारसा हलविता येईना; आणि गुणकाचे कुलूप मुख्यतः ‘के’ अक्षराच्या महागड्या प्रोसेसरांवरच उघडे ठेवले.

आता या वेगाची किंमत पाहू. अधिक वेगासाठी बहुधा व्होल्टेज वाढवावे लागते. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग 10 टक्के वाढविला आणि त्यासाठी व्होल्टेजही 10 टक्के चढविले, तर उष्णता किती वाढेल? 1.1 चा तीन वेळा गुणाकार करा, 1.331 येतो. म्हणजे दहा टक्के वेगापायी तेहतीस टक्के उष्णता! रॉबर्ट डेनार्ड यांनी 1974 साली सहकाऱ्यांसह असे मांडले होते की ट्रान्झिस्टर लहान करीत गेले आणि त्याबरोबर व्होल्टेजही उतरवीत गेले, तर तेवढ्याच जागेतली उष्णता वाढत नाही. तीसेक वर्षे हे गणित चालले. पुढे व्होल्टेज उतरेनासे झाले आणि ते अडले. 2004 साली इंटेलने 4 गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर काढण्याचा बेत सोडून दिला, तो याच सुमारास.

हीटसिंक आणि पंखा प्रोसेसरला खोलीच्या हवेहून थंड करू शकत नाहीत. परदेशातील 22 अंशांच्या खोलीत जमलेले आकडे वाचून आपल्याकडचा मुलगा तेच बायोसमध्ये भरतो. पण नागपूरच्या मे महिन्यात खोली 40 अंशांवर जाते, आणि ते अठरा अंश सरळ प्रोसेसरच्या माथी बसतात. डिसेंबरात स्थिर ठरलेले यंत्र वैशाखात कोलमडते, त्यात नवल काही नाही. परीक्षा घ्यायचीच तर ती उन्हाळ्यात घ्यावी.

शिवाय अधिक व्होल्टेज चिपेला झिजविते. याचा धडा खुद्द कारखान्यालाच मिळाला. इंटेलच्या 13 व्या आणि 14 व्या पिढीतील काही प्रोसेसर, कोणी हात न लावताही, अस्थिर होऊ लागले. 2024 मध्ये कंपनीने सांगितले की ते गरजेहून अधिक व्होल्टेज मागत होते. तिने मायक्रोकोड दुरुस्त केला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढविली. पण झिजलेली चिप दुरुस्तीने बरी होत नव्हती, ती बदलूनच घ्यावी लागे. बोध असा की आज कारखानेच पुष्कळशी शिल्लक स्वतः खर्च करून माल विकतात. हौशी माणसाच्या वाट्याला फारच थोडी उरते.

आता रॅमकडे वळू. तिच्या आजच्या घडणीचे मूळही डेनार्ड यांच्याकडेच जाते. एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर अशी स्मृतीची पेशी त्यांनी कल्पिली. तिचे पेटंट 1968 चे. हा कपॅसिटर म्हणजे गळका रांजण. साधारणतः 64 मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो, नाहीतर आठवण पुसली जाते. अशा नाजूक वस्तूला घाई केली की चुका होणारच. आणि नुसता मोठा आकडा म्हणजे चपळाई नव्हे. 3200 ची रॅम सीएल 16 वर असेल, तर मागितलेला शब्द देऊ लागायला तिला 10 नॅनोसेकंद लागतात. 3600 ची सीएल 18 वर असेल, तरी तेवढेच 10! पुढचा ओघ तेवढा वाढतो. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. दुकानदार बायोसमध्ये एक्सएमपी चालू करून देतो, तेव्हा डीडीआर4 रॅम 1.2 ऐवजी बहुधा 1.35 व्होल्टवर जाते. हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे.

मग रीत कोणती? पहिली गोष्ट, सर्व कामाची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी. दुसरी, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती वहीत लिहावी. आधी रॅम मूळ वेगावर ठेवून प्रोसेसरचा गुणक एकेक पायरी चढवावा. मग प्रोसेसर मूळ वेगावर आणून रॅम पाहावी. शेवटी दोघांना एकत्र तपासावे, कारण रॅमचा नियंत्रक आता प्रोसेसरच्या पोटातच असतो. जिथे पहिली चूक दिसेल तिथून निदान एक पायरी खाली उतरावे. कड्याच्या टोकावर कोणी घर बांधीत नाही.

आणि चूक दिसावी कशी? ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे गणित घालून. प्राइम95 हा प्रोग्रॅम मुळात मर्सेन जातीच्या प्रचंड अविभाज्य संख्या शोधण्यासाठी लिहिलेला. त्याच्या परीक्षेत प्रोसेसरचे उत्तर ज्ञात उत्तराशी ताडून पाहिले जाते. हा परीक्षक इतका कडक की खुद्द इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधील एक दोष त्याच्यामुळे उघडकीस आला, आणि जानेवारी 2016 मध्ये कंपनीने तो मान्य केला. रॅमसाठी मेमटेस्ट86 पेनड्राइव्हवरून सुरू करून रात्रभर चालू द्यावा. तेथे एक जरी चूक आली तरी ते नापासच. हजार बरोबर उत्तरांनी एका चुकीची भरपाई होत नाही. आणि पास झाले तरी अर्थ एवढाच की त्या अवधीत चूक सापडली नाही.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या नोंदी तपासून 2011 साली निष्कर्ष मांडला. वेग वाढविलेली यंत्रे अधिक वेळा कोलमडत होती, आणि वेग उतरविलेली कमी. एकदा कोलमडलेले यंत्र पुन्हा कोलमडण्याचा संभवही मोठा. पण कोलमडणारे यंत्र निदान ओरडते तरी! न ओरडता रॅममधला एक बिट उलटला, तर तो चुकीचा आकडा फाइलीत जाऊन बसतो, तेथून तिच्या प्रतीत जातो, आणि वर्षाने सापडतो तेव्हा मूळ कोणते आणि बिघडलेले कोणते हे सांगायला कोणी उरत नाही.

मग हा छंद करूच नये काय? अवश्य करावा. यंत्राचे अंतरंग शिकविणारी यासारखी दुसरी शाळा नाही. खेळण्याच्या यंत्रावर करावा. बिघाड झाला तर एक डाव बुडेल. परंतु ज्या यंत्रावर पतपेढीचे हिशेब, रुग्णांचे कागद किंवा कोणाचा तीन वर्षांचा प्रबंध आहे, त्याला हात लावू नये. तेथे उलट चूक ओळखून सुधारणारी ईसीसी रॅम घ्यावी. वेग वाढला की आकडा डोळ्यांना दिसतो, चार मित्रांना दाखविता येतो. स्थैर्य तसे दाखविता येत नाही. ते गेल्यावरच कळते. म्हणून ज्याला वेग हवा, त्याने आधी कसोटी लावण्याचा कंटाळा सोडावा, एवढीच विनंती आहे.